बंदूक हातात देऊ नये

८ ऑक्टोबर २००७

आज मला बंदुकीचा जाणकार म्हणून काम मिळालं. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही, हे मी बोलण्याच्या ओघात तीनदा सांगितलं. शेवटी पियुष म्हणाला, "सर, इथं कोणीच नाही धरली. टेन्शन नका घेऊ."

पियुष माझा जुना विद्यार्थी. इतिहासात तो कधी जागा नसायचा. आता त्याने समता कॉलनीत एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत कंपनी काढली आहे. तिथे कॉम्प्युटरवरचे खेळ तयार होतात. एका फ्रेंच कंपनीचा मोठा खेळ आहे, १९५२ च्या इंडोचायनातल्या लढाईवर, आणि त्यातल्या बंदुका रायपुरात घडणार आहेत. त्यांतली मुख्य म्हणजे मॅट-४९ नावाची सबमशीनगन. तिची माहितीपुस्तिका फ्रेंचमध्ये आहे आणि गावात फ्रेंच वाचणारा पियुषला एकच माणूस आठवला. मराठ्यांच्या फौजेतल्या फ्रेंच अधिकाऱ्यांवर प्रबंध लिहायचा म्हणून मी ती भाषा शिकलो होतो. प्रबंध अर्धा राहिला, भाषा उरली.

कॉलेजने यंदा मला व्याख्यानांना बोलावलेलं नाही. त्यामुळे हे काम टिकायला हवं. डिसेंबरअखेरपर्यंत उमेदवारी आहे. अट अशी की बंदूक खेळात जे जे करेल त्या प्रत्येक गोष्टीला आधार हवा. फ्रान्सात एक परीक्षक बसलेले आहेत, ते एकेक बाब तपासतात. आधार नसलेली एक जरी गोष्ट निघाली तर, पियुषच्या शब्दांत, "आपला खेळ खल्लास, सर." मी म्हणालो, आधाराशिवाय मी सहसा बोलतच नाही. कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाई यावर हसल्या. त्या ध्वनीचं काम बघतात.

आईला काय सांगायचं हा प्रश्न आहे. 'बंदुका' म्हणायचं की 'संशोधन'?

१२ ऑक्टोबर

'संशोधन' सांगितलं. तिने विचारलं, "कशाचं?" मग 'बंदूक' सांगावंच लागलं. "पोलिसवाल्यापाशी असते तशी?" तशी, पण फ्रेंच.

चार दिवस पुस्तिका वाचतो आहे. एखादी वस्तू इतकी हुशारीने केलेली असू शकते, आणि तीही माणसं मारायची, याचा मला आनंद व्हावा की नाही, हे अजून ठरवता आलेलं नाही. तूर्त आनंद होतो आहे. सगळी पत्रा ठोकून केलेली. पाठीमागे तारेचा दस्ता, तो आत सरकतो. आणि खरी मौज म्हणजे गोळ्यांचं मॅगझीन. ते खाली लोंबतं, पण बाजूची खिट्टी दाबली की त्याच्या घरासकट पुढे वळतं आणि नळीखाली चिकटून बसतं. मग बंदूक छत्रीसारखी अंगालगत मावते, आणि चुकून उडत नाही.

जेवताना आईला हे समजेना. म्हणून म्हटलं, आपली घडीची विळी आण. आईने ती आणून माझ्यापुढे खाली ठेवली, मी उचलली. पातं उभं केलं: ही लढणारी बंदूक. पातं मिटवलं: ही मिटलेली. खट्. पुन्हा उभं केलं, पुन्हा मिटवलं. खट्.

"विळी खेळायची वस्तू आहे काय?" आई म्हणाली. "चव्वेचाळीसचा झाला."

पण मी तो आवाज ऐकत होतो. उद्या त्या ध्वनीवाल्या बाईंना सांगायला हवं.

१४ ऑक्टोबर

सांगितलं. त्यांचं नाव इंदू. पूर्वी रेडिओवर होत्या, मूळच्या गोंदियाच्या, वडील रेल्वेत, हल्ली इथे एकट्याच असतात. (हे मी विचारलं नव्हतं. पियुषने सांगितलं. नोंद पुरी असावी म्हणून लिहितो.) त्या म्हणाल्या, "मॅगझीनसाठी मी आठ दिवसांपासून स्टेपलर वाजवून राहिली सर. विळी काहून नाही सुचली मले?"

उद्या घरी येणार आहेत, विळी ऐकायला. मी पुढची खोली आवरली. पुस्तकांवर धूळ होती, ध्वनिमुद्रणात धूळ ऐकू येत नसावी, पण आवरली.

१५ ऑक्टोबर

बुढापाऱ्यातल्या आमच्या तळ्याकाठच्या गल्लीत शांतता मिळणं कठीण. स्कूटर, भाजीवाला, नवरात्राचा लाउडस्पीकर. इंदूबाईंनी घरभर फिरून शेवटी गाद्यांची खोली निवडली. चारी बाजूंना गाद्या लावून मध्ये आम्ही दोघं, माईक आणि विळी. दार लावल्यावर इतकी शांतता झाली की मला माझाच श्वास अडचणीचा वाटू लागला.

"मिटवा." मिटवली. "हळू." हळू. "आता घाईत, दुश्मन आला समजा." दुश्मन आल्यासारखी मिटवली. "सर, दुश्मन आला तर माणूस असा माफी मागून नाही मिटवत."

मग मला हसू आलं, आणि ते सगळं यंत्रात गेलं. इंदूबाई म्हणाल्या, ते पुसणार नाही, कामाला येईल. कोणत्या कामाला ते कळलं नाही. बंदुकीला हसू नसतं.

आईने उपवासाचं थालीपीठ केलं होतं. बाहेर आल्यावर तिने इंदूबाईंना किती भावंडं, कोणती गावं, सगळं विचारलं. मला संकोच वाटला. त्या मात्र उत्तरं देत थालीपीठ खात राहिल्या, आणि दुसरं मागून घेतलं.

२० ऑक्टोबर

खंडेनवमी. घरी आईने विळी, अडकित्ता, सुरी, माझं पेन, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. ऑफिसात पियुषने कॉम्प्युटर पुजले. पडद्यावर मॅट-४९ संथ फिरत होती. हिलाही कुंकू लावायचं का, यावर चर्चा झाली. मी म्हणालो, ही शस्त्र नाही, शस्त्राचं चित्र आहे. इंदूबाई म्हणाल्या, "देवाचं बी चित्रच असते ना." पियुषने काचेला कुंकू लावलं, पण बंदूक फिरत असल्यामुळे ते कधी दस्त्यावर, कधी नळीवर, कधी नुसत्या हवेत दिसत होतं. मी इतका हसलो की खाली दवाखान्यातून कुणीतरी बघायला आलं.

दुपारी बंदुकीच्या वापराचं टिपण पुरं केलं. मॅगझीन केव्हा मिटवायचं (ट्रकमध्ये चढताना, नदी ओलांडताना), दस्ता केव्हा ओढायचा, मुठीमागची कळ दाबल्याशिवाय गोळी कशी सुटत नाही. सोबत्याला बंदूक द्यायची झाली तर: मिटवायची, जमिनीवर ठेवायची, सोबत्याने उचलायची. पियुषने वाचलं, "सही आहे." इंदूबाईंनी वाचलं, "बरोबर आहे." विळीच्या आवाजासकट फ्रान्सला पाठवलं.

मला स्वतः खेळायला शिकावं लागेल. ज्याबद्दल लिहितो ते केलं नसेल तर लिहिणं अप्रामाणिक ठरतं.

२४ ऑक्टोबर

शिकतो आहे. आज इतक्या वेळा मेलो की लाज वाटेनाशी झाली. एकदा भिंतीकडे तोंड करून संपूर्ण लढाई काढली.

१ नोव्हेंबर

राज्योत्सवाची सुट्टी. सगळं शहर मैदानाकडे निघालेलं. नवी राजधानी होऊन सात वर्षं झाली, आणि रस्ता अजून खोदलेलाच. आम्ही मात्र ऑफिसात. तयार झालेला भाग खेळून बघायचा होता. पियुषची माणसं एका बाजूला, मी आणि इंदू एका बाजूला.

भाताच्या शेतात माझ्या गोळ्या संपल्या. मी ओरडलो नाही, पण बहुधा उठून उभा राहिलो. तेवढ्यात इंदू बांधावरून आली, तिने आपली मॅट-४९ मिटवली, खट्, आणि माझ्यासमोर ठेवली. त्या क्षणी दोघांचेही हात रिकामे होते. सभोवती गोळीबार. मी वाकलो, उचलली, उघडली. मग आम्ही जिंकलो.

पियुष म्हणाला, पूर्ण खेळात हा क्षण सर्वांत भारी आहे. खाली ठेवणाऱ्याला सोबत्यावर भरवसा ठेवावा लागतो. दिवसभर सगळे एकमेकांना बंदुकाच देत होते, लढाई बाजूला राहिली.

इंदू मला मरू देत नाही, असं दिसतं. तिने पिस्तूल घेऊन माझ्या मागे चालायचं ठरवलं आहे. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही पुस्तिका आठवत उभे राहता ना, म्हणून."

घरी चालत आलो. रिक्षा मिळत होती. का चालत आलो, ते सांगता येणार नाही. हवा बरी होती.

१० नोव्हेंबर

दिवाळी. आई सकाळी म्हणाली, "उद्या भाऊबीज. तुले बहीण नाही. त्या इंदूले बोलाव ना ओवाळाले, तिचं बी इथं कोणी नाही."

मी म्हणालो, कामाच्या ठिकाणच्या माणसांना असं नात्यात ओढणं योग्य नाही. त्यांच्यावर दडपण येतं. शिवाय ओवाळणीचा प्रश्न येतो. शिवाय पियुषलाही मग बोलवावं लागेल. शिवाय इंदू गोंदियाला गेली असण्याची शक्यता आहे. बराच वेळ बोललो.

आई म्हणाली, "हव." आणि चकल्या तळायला गेली. ती जाताना हसत होती, असं मला वाटलं. तत्त्वाचा मुद्दा तिला लगेच पटला, याचं नवल वाटतं.

१९ नोव्हेंबर

फ्रान्सहून पत्र आलं. परीक्षकांनी सगळं मान्य केलं आहे, एक बाब सोडून. ते विचारतात: सोबत्याला बंदूक जमिनीवर ठेवून देण्याच्या पद्धतीला आधार कोणता?

मी पियुषला सांगितलं, पुस्तिकेत असणार. पान काढून देतो.

२० नोव्हेंबर

पुस्तिकेत नाही. नंतर मिळालेल्या दोन पुस्तिकांतही नाही. सैनिकांच्या आठवणींच्या ज्या दोन पुस्तकांची पानं उतरवून घेतली होती, त्यांत नाही. मी हे कुठे वाचलं? मला वाक्य आठवत नाही, पानाची बाजू आठवत नाही. नेहमी आठवते. पण गोष्ट खरी आहे याची खात्री इतकी पक्की आहे की शंका घेणंच विचित्र वाटतं.

२१ नोव्हेंबर

सापडलं. लिहायला हात धजत नाही.

सकाळी आईकडे अडकित्ता मागितला. मी हात पुढे केला होता. तिने तो माझ्या हातात न देता खाली ठेवला. मी विचारलं, हातात का देत नाहीस?

"विळी, कैची, अडकित्ता हातात देऊ नये. भांडण होते."

हे मला चव्वेचाळीस वर्षं ठाऊक आहे. इतकं ठाऊक आहे की ते कुणाला ठाऊक नसेल असं वाटलंच नाही. १९५२ सालच्या फ्रेंच सैनिकालाही ते ठाऊक असणार, असं धरून चाललो.

ऑफिसात जाऊन सांगितलं. पियुष म्हणाला, "अरे. माझी आई तर सुई बी नाही देत." इंदूने कपाळाला हात लावला. "आणि मी वाचून म्हटलं, बरोबर आहे." तिघांनी वाचलं होतं. तिघंही मराठी घरातले, एकालाही खटकलं नाही. एक संपूर्ण फ्रेंच पलटण आम्ही आपापल्या आईच्या धाकाखाली आणून ठेवली होती. आम्ही हसत सुटलो. इंदूच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग हसणं थांबलं, कारण उत्तर द्यायचंच होतं.

पियुष म्हणाला, "सर, लिहून टाका ना, जुन्या सैनिकांची पद्धत. कोण जाऊन राहिला विचाराले? ते सैनिक तरी उरले असतील काय?"

सोपं आहे. एक ओळ. माझं काम टिकेल, त्याचं कंत्राट टिकेल, आणि तो क्षणही खेळात राहील. मी म्हणालो, उद्या सांगतो.

२२ नोव्हेंबर

रात्रभर विचार करायचं ठरवलं होतं, झोप लागली. सकाळी मात्र स्पष्ट होतं. फ्रेंचमध्ये लिहिलं:

'महोदय, या बाबीला माझ्याकडे आधार नाही. ही सवय तुमच्या सैन्यातली नसून माझ्या आईच्या स्वयंपाकघरातली आहे. आमच्याकडे धारदार वस्तू हातात देत नाहीत, भांडण होतं अशी समजूत आहे. मी ती नकळत आपल्या सैनिकांवर लादली. चूक सर्वस्वी माझी आहे.'

पियुष म्हणाला, "गेलं, सर." पण त्याने पाठवू दिलं. इंदूने मराठीत सांगायला लावलं, ऐकलं, आणि हेडफोन लावला.

२७ नोव्हेंबर

उत्तर नाही. टेबलावर माझं असं फारसं काही नाही, न्यायला पिशवी पुरेल. आईला अजून सांगितलेलं नाही. ती गल्लीतल्या यशवंतरावांना सांगते, माझा अच्युत फ्रान्सचं काम करून राहिला.

इंदू सहा दिवस बोलत नाही. आज जिन्यात गाठून विचारलं, माझं काही चुकलं का.

"'चूक सर्वस्वी माझी' काहून लिहिलं? मी बी वाचली होती ना. पियुषनं बी. सगळे पकडले जाऊन राहिले आणि तुम्ही एकटेच शहीद व्हाले निघाले."

मी म्हणालो, वस्तुस्थिती तशीच होती, टिपण माझं होतं.

"वस्तुस्थिती," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर माझ्या मागं कोण चालीन त्या शेतात?"

मी सांगितलं की मागे ती चालते, मी पुढे असतो. त्यावर ती खाली निघून गेली. खेळातल्या दिशांबद्दल तिचा गोंधळ आहे, पण तो दाखवून द्यायची ती वेळ नव्हती, हे मला नंतर कळलं.

३ डिसेंबर

उत्तर आलं. पियुषने मला पडद्यासमोर बसवलं आणि स्वतः पाठ करून उभा राहिला. मी मोठ्याने वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो.

परीक्षक लिहितात, तरुणपणी अल्जीरियात सक्तीच्या लष्करी सेवेत असताना ही बंदूक त्यांच्या खांद्यावर होती. 'आम्ही ती खाली ठेवत नव्हतो. मिटवायचो आणि फेकायचो. ट्रकमध्ये चढलेला माणूस झेलायचा. पडली तर सार्जंट आमच्या आयांबद्दल असं काही बोलायचा की तुमच्या आईंना ते कळवू नये. ठेवणं काढून टाका, फेकणं घाला. मात्र मॅगझीन मिटण्याचा आवाज अगदी तोच आहे. तुम्हाला खरी बंदूक कुठे मिळाली?'

शेवटचं वाक्य मी मराठीत न सांगता पुन्हा वाचत राहिलो. इंदूने खांद्यावरून वाकून विचारलं, "काय लिहिलंय?" मी सांगितलं, विळीची चौकशी केली आहे. ती खुर्चीवर बसली आणि हसायला लागली, आवाज न करता, नुसते खांदे.

शेवटी होतं: 'मला बावीस वर्षांत सगळ्यांनी सगळ्या गोष्टींचे आधार पाठवले आहेत. आधार नाही असं लिहिणारा पहिलाच माणूस भेटला. त्यांना पुढच्या बंदुकांवरही ठेवा.'

पुढच्या बंदुका नऊ आहेत. पियुषने मला मिठी मारली. इंदूनेही पियुषला मिठी मारली. मग मी चहा सांगायला खाली गेलो. खाली गेल्यावर लक्षात आलं की चहावाला वरच येतो.

८ डिसेंबर

झेलण्याचा आवाज हवा होता. गल्लीच्या टोकाच्या ग्रिलवाल्याकडून पाइप आणि पत्रा जोडून साडेतीन किलोचा सांगाडा करून घेतला, खऱ्या बंदुकीच्या वजनाचा. त्याने विचारलं नाही, मीच सगळं सांगितलं, त्याने पुढचं काम घेतलं.

दुपारी इंदू गच्चीवर आली. माईक टाकीला टेकवून ठेवला. मी तिला आधीच बजावलं की मला झेलता येत नाही. शाळेत मी कायम धावा लिहायला बसायचो.

"डोळे उघडे ठेवा, अच्युतराव. बस."

पहिली फेक माझ्या पोटात बसली. दुसरी सुटली आणि वाळत घातलेल्या वड्यांशेजारी आदळली. तिसरी झेलली. पत्र्याचा तळहातावर बसण्याचा, मग पाइपचा हलका खणखणाट, असा दुहेरी आवाज झाला, आणि इंदूने दोन्ही हात वर केले. मी फेकली, तिने एका हाताने झेलली, पदर खोचून. मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. आम्ही लांब लांब जात राहिलो आणि फेकत राहिलो. मी उलटी झेलली. ती गिरकी घेऊन झेलायला गेली आणि टाकीवर आदळली, आणि तिथेच बसून हसली. शेजारच्या गच्चीवरून यशवंतराव म्हणाले, "काय फेकून राहिले हो?"

आई जिन्याच्या दारात कधीची उभी होती. "बंदूक आहे," ती म्हणाली. "काम करून राहिले दोघं. तुम्ही पेपर वाचा."

ऊन उतरलं, तळ्यावरून वारा यायला लागला, तेव्हा थांबलो. माझे तळहात लाल झाले आहेत आणि लिहिताना दुखतात.

जिना उतरताना इंदूने सांगितलं की हवा तो आवाज तिसऱ्या फेकीलाच मिळाला होता, यंत्र तिने तेव्हाच बंद केलं. मग संध्याकाळपर्यंतच्या फेकी कशासाठी होत्या, याचा जेवल्यापासून विचार करतो आहे. मी प्रामाणिकपणे शोधलं. आधार सापडत नाही.

उद्या रविवार. ती सकाळीच येणार आहे, यंत्र न घेता.